बाळाचे ‘पांढरे सलाईन’ आणि यकृत

‘डॉक्टरसाहेब, नातवाला सलाईनमधून दूध चढवताहेत. चालते का हो?’ दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला नवापूरहून नंदुरबारला किंवा सुरतला नेऊन काचेच्या पेटीत ठेवले, की घरची आजी हमखास हा प्रश्न विचारते.

आजीबाई, ते दूध नव्हे. दूध शिरेतून कधीच देत नाहीत. सोयाबीनचे तेल, अंड्याच्या बलकातील एक घटक, ग्लिसरीन व पाणी एकजीव करून बनवलेले हे निर्जंतुक औषध आहे. स्वीडनचे डॉ. आर्विड व्रेटलिंड यांनी १९६०च्या सुमारास ते तयार केले. दीड किलोच्या आतल्या बाळाची आतडी कच्ची असतात आणि अंगात चरबीचा साठा नसतो. वाढीला व मेंदूला लागणारी स्निग्ध द्रव्ये थोड्याच दिवसांत कमी पडतात. ती या औषधातून मिळतात. म्हणून घाबरून ‘सलाईन काढा, बाळ घरी नेतो’ असा हट्ट धरू नये.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. पोटात अन्न पडले की पित्त वाहते. शिरेवाटे पोषण दोन आठवड्यांच्या पुढे लांबले आणि तोंडावाटे काहीच गेले नाही, तर पित्त यकृतात साचू लागते. जंतुसंसर्ग आणि सोयाबीन तेलातील काही वनस्पतिजन्य द्रव्ये त्यात भर घालतात. परिणामी कावीळ होते व यकृताला सूज येते. अशा बाळांसाठी माशाच्या तेलापासून केलेल्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

पण सर्वांत मोठा उपाय घरचाच आहे, तो म्हणजे आईचे दूध. डॉक्टरांनी परवानगी देताच नळीने थेंब थेंब दूध सुरू होते. त्यासाठी आईने पहिल्या दिवसापासून स्वच्छ हातांनी दूध काढावे. चमचाभरच निघाले तरी निराश होऊ नये. आईला दूध येत नसेल तर दूधपेढीची चौकशी करावी. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अशी पेढी सुरू केली.

बाळ घरी आल्यावर रोज तीन गोष्टी पाहाव्यात :

१. शी पांढरट किंवा राखेच्या रंगाची आहे का?
२. लघवी गर्द पिवळी असून दुपट्यावर डाग पडतो का?
३. दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे आहेत का?

यांपैकी एकही खूण दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे व रक्तातील दोन्ही प्रकारचे बिलिरुबिन तपासून घ्यावे. हे पूर्ण दिवसांच्या बाळालाही लागू आहे. काही बाळांची पित्तनलिका बंद झालेली असते. त्यावरील शस्त्रक्रियेचा उपयोग बाळ दोन महिन्यांचे होण्याआधी केल्यास सर्वाधिक होतो. अशी कावीळ कोवळ्या उन्हाने जात नाही, आणि माळ घालण्यात, झाडपाल्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

म्हणून मातांनो, संकोच करू नका. शंका आली तर शी लागलेले दुपटे तसेच घेऊन दवाखान्यात या. डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ काही कळते.