मार्गशीर्षातला कोकीळ

डिसेंबरात मुलाकडे किंवा मुलीकडे कॅनबेराला आलात की पहिल्याच आठवड्यात कोकीळ झोपमोड करणार, तीही पहाटे साडेचारला. कॅलेंडरात मार्गशीर्ष, कानात चैत्र. हा आपल्या कोकिळाचा भाऊबंद. थंडीचे महिने उत्तरेला न्यू गिनीच्या बाजूला काढतो आणि इथला वसंत लागला की खाली उतरतो. वीसेक वर्षांपूर्वी या शहरात तो क्वचितच ऐकू यायचा, आता वस्तीतल्या झाडांवर हक्काने येतो. आपल्याकडे त्याची अंडी कावळा उबवतो. इथे ते काम रेड वॉटलबर्ड नावाच्या मधखाऊ पक्ष्याच्या गळ्यात पडलंय. स्वतःहून थोराड पिल्लाला भरवताना त्याची होणारी दमछाक बघायची असेल, तर मुक्काम जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत वाढवा.

तोवर तळ्याकाठी भरपूर काही आहे. लेक बर्ली ग्रिफिन म्हणजे मोलाँग्लो नदीला स्क्रिव्हनर धरण घालून १९६४ मध्ये भरलेला जलाशय. शहराच्या मधोमध असल्याने लोक तिथे सायकल फिरवतात, संसद भवनाचा फोटो काढतात आणि परततात. तुम्ही त्याचं पूर्वेचं टोक गाठा. डेअरी रोडवरून आत शिरलं की जेराबॉम्बेरा पाणथळ लागतं. तिकीट नाही. कुत्र्यांना मात्र मनाई आहे. केलीज स्वॉम्पच्या कडेने लाकडी हाइड बांधलेत, भिंतीत डोळ्यांच्या उंचीला आडव्या फटी. कोरड्या वर्षी हे पाणी आटून नुसता चिखल उरतो, तेव्हा आधी चौकशी करून निघा.

सूर्य पावणेसहाला उगवतो, त्या सुमाराला पोहोचा आणि एकाच हाइडमध्ये तासभर बसा. आपल्या ट्रेकरला हेच जमत नाही. बुरूज गाठला, फोटो काढला, पुढचा बुरूज, ही सवय इथे उपयोगाची नाही. पहिली वीस मिनिटं फक्त बोरू वटवट्याच्या इथल्या जातभाईची अखंड बडबड ऐकू येईल, दिसणार काहीच नाही. मग पाणकणसांतून वारकरी बाहेर पडेल. हो, तोच आपला वारकरी, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. पण त्याच्या पिल्लांकडे बघा: टकलावर लाल कातडी, मानेभोवती नारिंगी पिसांची झालर, जणू दुसऱ्याच कुणाचं लेकरू. त्यामागून जांभळ्या पाणकोंबडीची काळी, लोकरीच्या गुंड्यासारखी पिल्लं येतील, अंगाच्या मानाने पाय भलतेच मोठे.

दिसणारा प्रत्येक पक्षी विणीवर नसतो, हेही ध्यानात ठेवा. चिखलात चोच खुपसणारा लॅथम्स स्नाइप, म्हणजे इथला पाणलावा, उत्तर जपानात पिल्लं वाढवून इकडे फक्त पोट भरायला येतो. विणीवरचा पक्षी ओळखायची खूण चोचीत असते. विली वॅगटेल हा आपल्या नाचणाचा भाऊबंद; त्याने किडा पकडला आणि गिळला तर ती त्याची न्याहारी. न गिळता चोचीत धरून इकडेतिकडे बघत राहिला, तर जवळपास कुणीतरी तोंड वासून बसलंय. आणि चोचीत पांढरी पुडी घेऊन लांब उडाला, तर ती पिल्लाची विष्ठा. घरटं साफ करून निघालाय. एवढं दिसलं तरी घरटं शोधत जाऊ नका. तुमची पायवाट मागाहून कोल्ह्याला उपयोगी पडते.

पाणथळाच्या उत्तरेला मोलाँग्लो रीच. नदीकाठच्या विलोंवर तिरंदाज आणि पाणकावळ्यांची वसाहत असते. काड्यांच्या घरट्यांतून फिकट, मऊ पिसांची पिल्लं साप डोलावा तशी मान हलवतात. दुर्बीण घ्या, काठावरूनच बघा. कयाक घेऊन झाडाखाली गेलात तर घाबरलेली पिल्लं पाण्यात पडू शकतात.

दुसरा दिवस हाताशी असेल तर गाडीने मरंबिजी नदीवर, उरिआरा क्रॉसिंगला जा. तिथे वेडा राघू येतो, इंद्रधनुषी रंगांचा. वाळूच्या उतारात, कधी अगदी सपाट जमिनीतही, तो बीळ खणतो. पहिल्या वर्षी मी कॅमेरा रोखून दहा मिनिटं उभा होतो. पक्षी चोचीत चतुर घेऊन समोरच्या फांदीवर बसे, उडे, परत बसे. मला वाटलं, पोझ देतोय. बीळ माझ्या मागे चार पावलांवर होतं! पक्षी तोंडात भक्ष्य घेऊन घिरट्या घालू लागला तर वाट तुम्ही अडवली आहे असं समजा आणि मागे सरा.

टिटवी इथेही तितकीच भांडकुदळ; पंखाला काटा असतो, तेव्हा मैदानात तिने आरडाओरडा केला की लांबून वळसा घ्या. कोकिळाला बोलवायला मोबाइलवर त्याचा आवाज लावू नका. टोपी, दोन लिटर पाणी आणि बंद बूट घ्या, चपला नकोत: गवतात ईस्टर्न ब्राउन हा जहाल विषारी साप याच दिवसांत हिंडतो. चावलाच तर चालू नका, जखम धुऊ नका, दाबपट्टी घट्ट गुंडाळून पडून राहा आणि ००० ला फोन लावा. अकरा वाजले की उन्हात पक्षीही गप्प होतात. मग घरी येऊन जेवा. संध्याकाळी साडेसहाला पुन्हा निघालात तरी आठपर्यंत उजेड असतो.