नवा डिजिटल कॅमेरा : पडद्याची जुळणी आणि संवेदकाची स्वच्छता

बंधाऱ्याचे काम असो, शाळेच्या नव्या खोलीचे बांधकाम असो, की अतिवृष्टीनंतरचा पंचनामा असो, छायाचित्र हा आता अशा कामांच्या कागदपत्रांचा एक महत्त्वाचा भाग झाला आहे. पुष्कळ ठिकाणी हे काम मोबाईल फोनवर भागते. तथापि, दूरचे दृश्य, अपुरा प्रकाश किंवा मोठ्या आकाराची छपाई यांसाठी भिंगे बदलता येणारा डिजिटल कॅमेरा अधिक उपयोगी ठरतो. अशी छायाचित्रे बहुधा एकदाच घेता येतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पाया बुजविल्यानंतर त्याची खोली दाखविता येत नाही आणि पूर ओसरल्यानंतर पाण्याची पातळी पुन्हा टिपता येत नाही.

नवा कॅमेरा हाती आल्यानंतर काही दिवसांतच दोन प्रकारच्या तक्रारी उद्भवतात. पडदा काळा पडतो किंवा भलतेच काही दाखवितो, ही पहिली. आणि छायाचित्रांत ठराविक जागी करडे ठिपके दिसतात, ही दुसरी. पहिल्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा जुळणीत असते, यंत्राच्या बिघाडात नव्हे. दुसऱ्या तक्रारीचे मूळ धुळीत असते. पण घाईने केलेली सफाई त्या धुळीपेक्षा अधिक हानी करते. यास्तव दोष नेमका कोठे आहे हे ठरविल्याविना कॅमेऱ्याला हात लावू नये, हा या विषयातील पहिला धडा होय.

टिपणारा भाग आणि दाखविणारा भाग

१९७५ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना तयार केला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम होते आणि एक चित्र कॅसेटवर नोंदविण्यास त्यास २३ सेकंद लागत. चित्र पाहावयाचे तर निराळे साधन दूरचित्रवाणी संचास जोडावे लागे. म्हणजेच टिपणारा भाग आणि दाखविणारा भाग हे आरंभापासूनच वेगळे आहेत. पुढे पडदा कॅमेऱ्याच्या पाठीवर आला, आणि पडद्यावर दिसते तेच छायाचित्र, असा समज रूढ झाला.

प्रत्यक्षात चित्र टिपतो तो संवेदक, ज्यास व्यवहारात सेन्सर म्हणतात. मोठ्या आकाराचा संवेदक ३६ मि.मी. लांब व २४ मि.मी. रुंद असतो. त्यावर ६,००० गुणिले ४,००० बिंदू असतील, तर एका बिंदूची रुंदी सुमारे ६ मायक्रॉन, म्हणजे ०.००६ मि.मी. भरते. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. साहजिकच, डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कणही येथे अनेक बिंदू झाकून टाकतो.

पडद्याच्या तक्रारी

छायाचित्र घेतेवेळी ठीक दिसले, पण संगणकावर काळपट निघाले, ही नेहमीची तक्रार आहे. उन्हात नीट दिसावे म्हणून पडद्याची उजळणी वाढविलेली असते. मग मुळात काळपट असलेले चित्रही पडद्यावर उजळ भासते. याउलट, अंधाऱ्या खोलीत प्रखर पडद्यामुळे चित्र अधिक उजळ वाटते आणि प्रकाश विनाकारण कमी केला जातो. यावर उपाय म्हणजे पडद्याची उजळणी मध्यम ठेवणे आणि हिस्टोग्राम नावाचा आलेख पाहणे. या आलेखाच्या डाव्या बाजूस काळोखी व उजव्या बाजूस उजळ भाग मोजलेला असतो. आलेख उजव्या कडेला जाऊन आदळला असेल तर उजळ भागांतील तपशील नाहीसा होत आहे, असे समजावे. पडद्याची उजळणी काहीही असली तरी हा आलेख बदलत नाही.

पडदा मध्येच बंद पडत असल्यास प्रथम डोळ्याची खिडकी तपासावी. तिच्याजवळ एक लहान संवेदक असतो. तेथे डोळा आला आहे असे वाटताच तो मागचा पडदा बंद करतो आणि खिडकीतील चित्र चालू करतो. गळ्यातील पट्टा, बोट किंवा साचलेली धूळ यांमुळेही त्याची अशीच फसगत होते. तो भाग मऊ कापडाने पुसावा. तरीही अडचण राहिल्यास यादीत जाऊन केवळ मागचा पडदा चालू राहील अशी निवड करावी. वीज वाचविण्यासाठी ठराविक वेळाने पडदा मालवण्याची सोयही बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती वेळ वाढविता येते.

हाताने ठरविलेल्या जुळणीवर फ्लॅश वापरताना पडदा जवळजवळ काळा दिसतो. कॅमेरा खोलीतील उजेडाचाच हिशेब दाखवीत असतो. फ्लॅशचा प्रकाश त्याने अद्याप जमेस धरलेला नसतो. जुळणीचा परिणाम पडद्यावर दाखविण्याची सोय तेवढ्यापुरती बंद केली की दृश्य स्पष्ट दिसू लागते.

पडद्यावर लुकलुकणारे काळे भाग, तिरपे पट्टे किंवा वस्तूंच्या कडांना लाल-पिवळ्या रेषा दिसल्यास बिघाड समजू नये. पहिल्या दोन खुणा अतिप्रकाशाची सूचना देतात आणि तिसरी खूण कोणता भाग स्पष्ट आहे हे दाखविते. या खुणा छायाचित्रात उतरत नाहीत. खिडकीतून दृश्य अस्पष्ट दिसते, पण छायाचित्र मात्र स्पष्ट येते, असे असल्यास खिडकीशेजारील लहान चाक फिरवावे. आतील आकडे ठळक दिसू लागले की चाक पाहणाऱ्याच्या नजरेस जुळले, असे जाणावे.

तारीख आणि वेळ यांची जुळणी कार्यालयीन कामात विशेष महत्त्वाची आहे. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिच वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असते, हे लक्षात घेऊन विभाग निवडावा. बॅटरी दीर्घकाळ काढून ठेवल्यास घड्याळ मागे जाऊ शकते. एवढे सारे करूनही अडचण कायम राहिल्यास सर्व जुळण्या मूळ स्थितीवर आणाव्यात, तारीख पुन्हा तपासावी, आणि नंतरच दुरुस्तीचा विचार करावा.

डाग कोठे आहे?

धूळ शोधण्याची रीत सोपी आहे. भिंगाचे छिद्र एफ/१६ किंवा एफ/२२ इतके लहान करावे, आयएसओ कमीतकमी ठेवावा आणि निरभ्र आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे चित्र मुद्दाम अस्पष्ट घ्यावे. ते संगणकावर मोठे करून पाहावे. भिंग बदलूनही करडा, धूसर ठिपका त्याच जागी राहिला, तर धूळ संवेदकापाशी आहे. एफ/४ सारख्या मोठ्या छिद्रावर तो ठिपका बहुधा दिसत नाही. त्यामुळे धूळ गेली असा गैरसमज होतो. ठिपका तेजस्वी, रंगीत व टोकदार असेल, तर तो धुळीचा नव्हे, संवेदकाच्या सदोष बिंदूचा असतो. त्यास सफाईचा उपयोग नाही. आरशाच्या कॅमेऱ्यात खिडकीतून कण दिसतो पण छायाचित्रात येत नाही, अशा वेळी तो वरच्या काचेवर किंवा आरशावर असतो. तेथे हात लावण्याचे कारण नाही.

भिंगामुळे संवेदकावर चित्र उलटे पडते. म्हणून छायाचित्रात डाव्या बाजूस वर दिसणारा डाग समोरून पाहताना संवेदकाच्या डाव्या बाजूस खाली सापडतो.

स्वच्छतेच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी कॅमेऱ्यातच असते. संवेदकापुढील काच अतिवेगाने कंप पावते आणि सैल धूळ झटकली जाते. ही योजना प्रथम २००३ साली ऑलिंपसच्या ई-१ या कॅमेऱ्यात आली. कॅमेरा सपाट टेबलावर ठेवून यादीतून ही क्रिया दोन-तीन वेळा करावी.

दुसरी पायरी रबरी फुंकणीची. बॅटरी पूर्ण भरलेली असावी. यादीतील सफाईची निवड केल्यावर आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा वर जातो व शटर उघडे राहते. मिररलेस कॅमेऱ्यात भिंग काढल्यावर संवेदक बहुधा समोरच दिसतो. कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून, फुंकणीचे टोक आत न घालता हवा सोडावी. त्यानंतर पुन्हा चाचणी घ्यावी.

तिसरी पायरी ओल्या सफाईची. चिकटलेला कण किंवा तेलाचा थेंब फुंकणीने जात नाही. त्यासाठी संवेदकाच्या मापाची खास काडी व द्रव लागतो. ज्यास या कामाचा सराव नाही, त्याने ते अधिकृत सेवा केंद्रावरच सोपवावे.

तोंडाने फुंकर मारू नये. लाळेचे कण काचेवर बसतात. दाबाखालील वायूचा डबा वापरू नये. त्यातील द्रव उडून काचेवर डाग पडतो. रुमाल, कापूस किंवा चष्म्याचे कापड आत नेऊ नये. शटर दीर्घकाळ उघडे ठेवण्याच्या जुळणीवर सफाई करू नये. ते मध्येच मिटले तर पाती मोडतात.

धूळ येण्यापूर्वीच तिला आवर घालणे केव्हाही श्रेयस्कर. कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून, वाऱ्याकडे पाठ करून भिंग बदलावे. उन्हाळ्यातील धुळीच्या दिवसांत हे काम गाडीत किंवा खोलीत करावे. कोकणातील पावसाळ्यात धुळीइतकेच बुरशीचे भय असते. तेथे कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावा.

मूळ फाईल जपावी

संगणकावर ठिपका सहज पुसता येतो. परंतु पंचनाम्याच्या किंवा कामाच्या नोंदीच्या मूळ फाईलवर असे करू नये. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देताना प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. फाईलमध्ये एक बिंदू बदलला तरी हे मूल्य बदलते. म्हणून दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी आणि मूळ फाईल जशीच्या तशी ठेवावी.

महिन्यातून एकदा आणि प्रत्येक महत्त्वाच्या कामाच्या आदल्या दिवशी तारीख, हिस्टोग्राम, आकाशाचे चाचणीचित्र व बॅटरी या चार गोष्टी तपासण्यास दहा मिनिटे पुरतात. कार्यालयातील एका व्यक्तीकडे ही जबाबदारी सोपवून तिची नोंद वहीत ठेवल्यास पुन्हा न येणारा क्षण सदोष छायाचित्रामुळे वाया जाण्याची वेळ सहसा येणार नाही.