हरीतकीचा प्रवास : धर्मप्रसार आणि वैद्यकविचारांची देवाणघेवाण

आपल्या औषधालयातील बरणीत असलेली हरीतकी तिबेटमध्ये 'अरुरा', अरबी ग्रंथांत 'हलीलज' आणि जपानमध्ये 'कारिरोक्कु' या नावांनी ओळखली गेली. अरबी आणि जपानी नावे तर मूळ संस्कृत शब्दाचीच रूपांतरे आहेत. जिथे धर्मप्रसारक, व्यापारी आणि भाषांतरकार पोहोचले, तिथे आपली औषधेही पोहोचली. मात्र प्रत्येक समाजाने आयुर्वेदातून सारखाच भाग उचलला नाही. कोणी काय घेतले आणि काय सोडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रसाराचे वाहन : भिक्षुसंघ

विनयपिटकातील महावग्गात भैषज्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे भिक्षूंना अनुज्ञात होती. आजारी भिक्षूची शुश्रूषा हे संघाचे कर्तव्य मानले गेल्यामुळे विहार जिथे उभा राहिला, तिथे औषधज्ञानाचीही गरज निर्माण झाली. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य व पशू अशा दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था आणि औषधी वनस्पतींची लागवड यांचा उल्लेख आहे. त्यात चोळ, पांड्य यांच्यासह यवनराज अंतियोकाचा प्रदेशही येतो.

मध्य आशियातील कुचा येथे १८९० साली हॅमिल्टन बॉवर यांना मिळालेले भूर्जपत्रावरील हस्तलिखित या प्रसाराचा ठळक पुरावा होय. इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकांदरम्यानच्या या संग्रहात 'नावनीतक' हा योगसंग्रह आहे, आणि आरंभी लशुनकल्प आहे. लसूण द्विजांना वर्ज्य. मग रुग्ण ब्राह्मण असल्यास काय करावे? त्यावर सांगितलेला उपाय असा, की गाईला लसणाची पात मिसळलेला चारा घालावा आणि तिचे दूध रुग्णास द्यावे. धर्माचा नियम मोडला नाही आणि रुग्णही औषधावाचून राहिला नाही. वैद्यकाने धर्माशी जुळवून घेण्याची ही रीत पुढे सर्वत्र दिसते.

तीन देश, तीन निवडी

तिबेटने सिद्धांत घेतला. अकराव्या शतकात रिन्चेन झांगपो यांच्या पुढाकाराने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'चे तिबेटी भाषांतर झाले. बाराव्या शतकाच्या सुमारास आकारास आलेल्या 'ग्युशी' या चतुस्तंत्रात्मक ग्रंथात वात, पित्त, कफ हे 'लुंग, ट्रिपा, बेकन' या नावांनी येतात. तथापि त्याच ग्रंथात नाडीपरीक्षेचा सविस्तर भाग आहे, आणि उपदेशक म्हणून भैषज्यगुरू बुद्ध आहेत. सिद्धांत बराचसा टिकला. त्याला प्रामाण्य देणारा गुरू बदलला.

बगदादने द्रव्ये आणि ग्रंथ घेतले. खलिफांचे वजीर असलेले बर्मकी घराणे बाल्ख येथील नवविहाराच्या प्रमुखांचे वंशज होते. त्यांच्या आश्रयाने आठव्या शतकाच्या अखेरीस सुश्रुतसंहितेचे अरबी भाषांतर झाले. ८५० साली अली इब्न रब्बान अल्-तबरी यांनी 'फिर्दौस अल्-हिकमा' या ग्रंथाच्या शेवटी भारतीय वैद्यकाला स्वतंत्र विभाग दिला. परंतु तेथील वैद्यकाची मूळ चौकट ग्रीक चतुर्दोषांचीच राहिली. त्रिफळा युनानीत 'इत्रीफल' झाली. तीच तीन फळे तिथे बदामतेलात किंवा तुपात मळून मधात मिसळली जातात.

जपानने देवता आणि द्रव्ये घेतली. राणीच्या आजारपणात सम्राट तेन्मू यांनी ६८० साली केलेल्या नवसातून भैषज्यगुरूचे याकुशीजी हे मंदिर उभे राहिले. ७५६ साली सम्राज्ञी कोम्यो यांनी नारा येथील तोदाइजी मंदिरास ६० औषधद्रव्ये अर्पण केली. त्यांच्या यादीत हरीतकी, पिप्पली आणि मिरी आहेत. मात्र निदानाची पद्धती तेथे प्रामुख्याने चिनी राहिली.

यावरून दिसते, की द्रव्य आणि त्याचे नाव सर्वांत सहज प्रवास करते. सिद्धांताला दोन्ही भाषा जाणणारे विद्वान आणि त्यांना पोसणारी संस्था लागते. आणि प्रामाण्य मात्र प्रत्येक समाज आपल्याच श्रद्धेतून देतो.

परतीचा प्रवास

हा व्यवहार एकमार्गी नव्हता. अहिफेन बृहत्त्रयीत आढळत नाही. मध्ययुगात ते आपल्या ग्रंथांत आले. नाडीपरीक्षेचे व्यवस्थित वर्णन चरक-सुश्रुतांत नाही. ते शार्ङ्गधरसंहितेत मिळते. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी 'फिरंग' हा नवा व्याधी नावासह स्वीकारला आणि त्यावर चीनहून आलेली चोपचिनी योजली. याच मुळाचे वर्णन गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथातही आहे. परदेशी म्हणून भावमिश्रांनी हे द्रव्य नाकारले नाही. रस, वीर्य, विपाक यांच्या परिभाषेत बसवून आपलेसे केले.

आजच्या व्यवसायासाठी बोध

आपल्या माहितीपत्रकांत 'पाच हजार वर्षे अपरिवर्तित' असे शब्द सर्रास छापले जातात. ते इतिहासाला धरून नाहीत आणि आपल्या हिताचेही नाहीत. शास्त्र अपरिवर्तित असते, तर फिरंगरोगाचा रुग्ण भावमिश्रांच्या दारातून परत गेला असता. 'हे संहितेत आहे' असे रुग्णास सांगताना कोणत्या संहितेत आणि कोणत्या काळातील, हे वैद्याला ठाऊक असलेच पाहिजे.

औषधनिर्मात्यांसाठी दुसरी सूचना आहे. नाव प्रवास करते तेव्हा द्रव्य किंवा कल्प बदलू शकतो. इत्रीफल म्हणजे त्रिफळा चूर्ण नव्हे. घटक समान असले तरी कल्प आणि अनुपान भिन्न आहेत. भावमिश्रांनी मेदा-महामेदेऐवजी शतावरी आणि काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा सांगितली, ती प्रतिनिधी द्रव्य म्हणून, उघडपणे. तोच उघडेपणा आपल्या वेष्टनावर असावा.

भारतात २०१० साली सोवा रिग्पा या तिबेटी पद्धतीस कायद्याने मान्यता मिळाली. वाग्भटाचा विचार हिमालयापलीकडे वाढून आपल्या शेजारी येऊन बसला आहे. 'हे मुळात आमचेच' एवढे म्हणून थांबण्यापेक्षा त्याने वाटेत काय मिळवले, हे अभ्यासणे अधिक फलदायी ठरेल.