नवीन फोर बाय फोर बुक करताना: कंपनीतून काय घ्यायचं, नंतर काय बसवायचं



होमस्टे, कृषी पर्यटन, कॅम्पिंग साइट किंवा डोंगरातली शेती सांभाळणाऱ्यांकडून एक प्रश्न कायम येतो: "सर, ऑफ-रोड गाडी घ्यायचीय. बेस घेऊ, मिडल घेऊ की टॉप?" या आठवड्याच्या व्हिडिओत तीन कप्प्यांचा तक्ता दाखवला होता. तोच इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

नियम एका ओळीचा आहे. जे फॅक्टरीतच बसतं आणि नंतर बसवता येत नाही, त्यावर आधी पैसे घाला. जे नंतर बाजारात मिळतं, त्याला थांबू द्या.

ऐकायला सोपं वाटतं, पण शोरूममध्ये नेमकं उलटं होतं. तिथे आपण सीटवर बसतो, स्क्रीनला बोट लावतो, सनरूफ उघडून बघतो. गाडीच्या पोटाखाली असलेला डिफरन्शिअल कुणी वाकून बघत नाही. पण जुलैच्या चिखलात गाडी बाहेर काढतो तो डिफरन्शिअलच.

पायरी १: आधी रस्ता लिहा, मग ब्रोशर उघडा

एक उदाहरण धरू. समजा, भंडारदऱ्याच्या बाजूला तुमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. डांबरी रस्ता सोडला की दोन किलोमीटर कच्चा रस्ता, मध्ये एक खडा चढ आणि एक ओढा. किराणा आणि गॅस सिलिंडर राजूरहून आणायचे. काजव्यांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात पाहुणे सगळ्यात जास्त, आणि रस्ताही तेव्हाच सगळ्यात वाईट.

आता पाच गोष्टी लिहून काढा:

- वर्षातले किती दिवस रस्ता खरोखर बिकट असतो?
- बिकट म्हणजे काय: चिखल, खडक, चढ की पाणी?
- ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या खाली असतं की वर?
- गाडीत माणसं किती आणि सामान किती?
- चालवणार कोण: तुम्ही, घरचे की ठेवलेला ड्रायव्हर?

हे लिहिल्यावर काही जणांना कळेल की आपल्याला फोर बाय फोरची गरजच नाही. बिकट भाग जेमतेम शंभर मीटरचा आणि जागा स्वतःची असेल, तर तिथे मुरूम टाकून, पाण्याला चर काढून साधी गाडी चालवणं स्वस्त पडू शकतं. आधी मुरूमवाल्याचा भाव काढा, मग शोरूमला जा.

पायरी २: तीन कप्पे

*कप्पा पहिला: नंतर होतच नाही, किंवा करणं कायद्यात बसत नाही.* टू व्हील ड्राइव्ह की फोर व्हील ड्राइव्ह, इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल लॉक, छत, सीटची संख्या, एअरबॅग, ईएसपी.

*कप्पा दुसरा: नंतर होतं, पण महाग पडतं किंवा वॉरंटीला धक्का लागू शकतो.* अलॉय व्हील, क्रूझ कंट्रोल, वायरिंगमध्ये हात घालावा लागणारी कोणतीही गोष्ट.

*कप्पा तिसरा: बाहेर सहज मिळतं.* सीट कव्हर, मॅट, मोबाइल होल्डर, टायरमध्ये हवा भरायचा पंप, ओढायचा पट्टा, स्पीकर.

पहिल्या कप्प्यामागे कायदा उभा आहे, हे विसरू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. पुढचा लोखंडी बुल बार तर केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवून बेकायदा ठरवला. त्यामुळे "आत्ता साधी घेऊ, नंतर गॅरेजवाल्याकडून करून घेऊ" हे गणित धरू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न या बदलांवरच विचारेल.

पायरी ३: पहिला कप्पा नीट समजून घ्या

*ड्राइव्ह.* खऱ्या फोर बाय फोरमध्ये लो रेंज असते. तिच्यात गाडी हळू चालते, पण चाकांना जोर जास्त मिळतो. खड्या चढावर आणि उतारावर तीच कामाला येते. महिंद्रा थार जानेवारी २०२३ पासून १.५ लिटर डिझेलमध्ये फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळू लागली. बाहेरून ती थारच दिसते, पण तिच्यात फोर बाय फोर नाही आणि ते नंतर बसवताही येत नाही. मारुती जिम्नीत मात्र सगळ्या व्हेरियंटमध्ये लो रेंजसह फोर बाय फोर येतं. थार रॉक्समध्ये फोर बाय फोर हवं असेल तर डिझेलच घ्यावं लागतं. म्हणजे एका गाडीत तो ऑप्शन आहे, दुसरीत मुळातच आहे आणि तिसरीत इंजिनला बांधलेला आहे. तुलना करताना हे आधी लिहा.

*इंजिन आणि त्यावरचा कर.* हा मुद्दा सेल्समन सहसा सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. पेट्रोलसाठी ही मर्यादा १,२०० सीसी आहे. त्यापुढच्या गाड्यांना ४० टक्के. म्हणून १.५ डिझेलची टू व्हील ड्राइव्ह थार १८ मध्ये बसते आणि २.२ डिझेलची फोर बाय फोर ४० मध्ये जाते. दोघींच्या किमतीतला फरक फक्त पुढच्या चाकांचा नाही, त्यात मोठं इंजिन आणि मोठा करही आहे. एवढा फरक भरायचा असेल तर पायरी १ मधलं "किती दिवस" याचं उत्तर भक्कम पाहिजे.

*डिफरन्शिअल लॉक.* साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक हवेत किंवा चिखलात गेलं की ते नुसतं गरगर फिरतं आणि पकड असलेलं चाक जागेवर राहतं. लॉक लागला की दोन्ही चाकं बरोबर फिरतात. फोर्स गुरखात पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक कंपनीतूनच येतो. जिम्नीत तेच काम ब्रेकच्या मदतीने केलं जातं, मेकॅनिकल लॉक नाही. काही गाड्यांत तो ठरावीक व्हेरियंटमध्येच मिळतो. "फोर बाय फोर आहे" एवढ्यावर थांबू नका. "मागचा डिफरन्शिअल लॉक या व्हेरियंटला आहे का?" असं थेट विचारा आणि उत्तर ब्रोशरवर बोट ठेवून घ्या.

*पाणी.* ओढा असेल तर गाडी किती पाण्यातून जाऊ शकते हा आकडा बघा. थारसाठी तो ६५० मिमी आहे आणि स्नॉर्केल कंपनीतूनच लावून येणाऱ्या गुरखासाठी ७०० मिमी. हे आकडे स्थिर पाण्याचे समजा. वाहत्या ओढ्यात यापेक्षा खूप आधी थांबायचं असतं.

*गिअरबॉक्स.* गुरखा फक्त मॅन्युअलमध्ये आहे. बाकीच्या गाड्यांत निवड आहे. गावातला ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्याला काय चालवायची सवय आहे ते विचारा. घरातलं कुणी चिखलात क्लच सांभाळायला कचरत असेल तर ऑटोमॅटिकवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

*छत आणि सीट.* सॉफ्ट टॉप फोटोत छान दिसतो, पण भंडारदऱ्याच्या पावसात, सामान आत ठेवून गाडी रात्रभर बाहेर उभी करणाऱ्याला हार्ड टॉप बरा. सीटचं म्हणाल तर जिम्नी आणि तीन दरवाजांची थार चार जणांच्या. पाहुण्यांचं कुटुंब, त्यांच्या बॅगा आणि तुम्ही, एवढं त्यात मावत नाही. पाच दरवाजांची गुरखा सात जणांची आहे. सीटची संख्या आरसी बुकवर छापली जाते, त्यामुळे नंतर मागे बाकडं ठोकायचा विचार नको.

*सुरक्षा.* एअरबॅग आणि ईएसपी गॅरेजमध्ये बसत नाहीत. डोंगरात, धुक्यात, परक्या माणसांना घेऊन जाताना यात काटकसर करायची नाही. माझ्या मते ही यादीतली एकमेव गोष्ट आहे जिच्यावर हिशोब न करता हो म्हणावं.

पायरी ४: ऑप्शनची खरी किंमत काढा

समजा, वरच्या व्हेरियंटमध्ये मोठी स्क्रीन, चांगले स्पीकर आणि भारी सीट आहेत. फरक दीड लाखाचा. "दीड लाखच तर आहे," असं शोरूममध्ये वाटतं. आता हिशोब मांडू.

फॅक्टरी ऑप्शन एक्स-शोरूम किमतीत जातो, म्हणून त्यावर रोड टॅक्सही लागतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के. म्हणजे दीड लाखावर २१,००० रुपये. एकूण १,७१,०००. हे साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात घातले तर हप्ता साधारण ३,५९० रुपयांनी वाढतो आणि पाच वर्षांत सुमारे २,१५,००० जातात. विम्याचा हप्ताही थोडा वाढतो, तो यात धरलेला नाही.

आता हा आकडा आपल्या धंद्याच्या भाषेत आणा. एका खोलीमागे एका रात्रीला सगळा खर्च जाऊन १,२०० रुपये सुटत असतील, तर दर महिन्याला तीन खोल्या फक्त त्या स्क्रीनसाठी भरायच्या, सलग साठ महिने. दिवाळीत हे जमतं. फेब्रुवारीतल्या मधल्या वारी जमतं का, ते तुमचं बुकिंग रजिस्टर सांगेल.

हाच हिशोब डिफरन्शिअल लॉकला लावा. जुलैत गाडी अडकली म्हणून ट्रॅक्टर बोलावला, एक बुकिंग परत करावं लागलं, पाहुण्यांनी वाईट रिव्ह्यू लिहिला. असं वर्षातून चार वेळा टळत असेल तर लॉक स्वतःचे पैसे स्वतः फेडतो. स्क्रीनमुळे खोली जास्त जात नाही.

पायरी ५: नाव आणि नंबर प्लेट बुकिंगच्या आधी ठरवा

- गाडी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर घेतली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के लागतो. प्रोप्रायटर असाल तर गाडी तुमच्याच नावावर येते, वैयक्तिक दर लागतो.
- होमस्टेच्या कामासाठी घेतलेल्या अशा गाडीवरचा जीएसटी परत मिळत नाही. १३ पर्यंत सीटच्या प्रवासी गाड्यांचं क्रेडिट कायद्याने अडवलेलं आहे. प्रवासी वाहतूक हाच व्यवसाय असेल तर अपवाद आहे.
- पाहुण्यांकडून फिरवण्याचे वेगळे पैसे घेणार असाल तर पांढऱ्या नंबर प्लेटवर ते चालत नाही. परमिट आणि पिवळी प्लेट लागते.
- घसारा साधारण १५ टक्के धरतात, भाड्याने चालवायच्या गाडीला ३० टक्के. आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी निम्माच.

हे मुद्दे सीएसमोर ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण गाडी पास झाल्यावर हे बदलायला गेलात तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

पायरी ६: बुकिंगच्या दिवशी

१. कोटेशनवर व्हेरियंटचं पूर्ण नाव, इंजिन, ड्राइव्ह, गिअरबॉक्स, छत आणि रंग लिहून घ्या. "टॉप मॉडेल" एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका.
२. ॲक्सेसरीजचं बिल वेगळं मागा. "पॅकेज घ्यावंच लागतं" असं कुणी म्हटलं तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.
३. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं एक कोटेशन खिशात ठेवा.
४. रंग निवडताना वाटेवरची कारवीची झुडपं आठवा. काळ्या रंगावर प्रत्येक ओरखडा दिसतो.
५. गाडी पासिंगला जाण्याआधी स्वतः बघा. लो रेंज टाकून बघा, स्टेपनी आणि जॅक मोजून घ्या, कोटेशनवरची प्रत्येक ओळ गाडीशी ताडून बघा.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीच्या पानावर तीन रकाने आखा: "नंतर होत नाही", "नंतर महाग", "नंतर सहज". तुमच्या मनातल्या गाडीचं ब्रोशर घ्या आणि प्रत्येक फीचर एका रकान्यात टाका. पहिला रकाना पूर्ण झाला की बजेटला रेघ मारा. उरलेल्या पैशात दुसरा. तिसरा रकाना पहिल्या सीझनच्या कमाईतून.

गाडी घेणार नसाल तरी हा तक्ता करा. नवीन दुकान घेताना थ्री फेज मीटर आणि मालाचा टेम्पो दारापर्यंत येईल एवढा रस्ता पहिल्या रकान्यात जातो. बोर्ड आणि लायटिंग तिसऱ्यात. फ्रीझर, पिठाची गिरणी, शिलाई मशीन, सगळ्याला हेच लागू पडतं. जे नंतर बदलता येत नाही, ते आधी बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा.