भिलाईत रुजू होणाऱ्या पुतणीला

पोरी, नगर नियोजनाची पदवी झाली, भिलाईत नोकरीही लागली. पेढे खाल्ले, आता काकाचे चार शब्द ऐकून घे.

पहिला पावसाळा टेबलापाशी घालवू नकोस. पाऊस ओसरला की टेप घेऊन बाहेर पड. रेल्वेलाइनखालचे अंडरब्रिज, जीई रोडच्या कडेचे नाले, सखल वस्त्या बघ. भिंतीवर चिखलाची रेघ कुठवर चढली ते मोज आणि नकाशावर तारखेसह टिपून ठेव. उपग्रहाच्या चित्रात ही रेघ दिसत नाही.

सेक्टर बघून हुरळून जाऊ नकोस. 1955 साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली. कारखान्याबरोबर आखीव टाउनशिपही उभी राहिली: रुंद रस्ते, झाडं, शाळा, बाजार, सेक्टर 9 चं इस्पितळ. पण कामगाराला क्वार्टर मिळालं, तरी त्याला भाजी विकणाऱ्याचं, त्याची सायकल दुरुस्त करणाऱ्याचं काय? सुपेला, खुर्सीपार, कॅम्प इथली दाटी बघ, उत्तर मिळेल. म्हणून नवी कॉलनी मंजुरीला आली की आधी विचार, इथे धुणीभांडी करणारी बाई राहणार कुठे आणि येणार कशाने?

पटवाऱ्याशी सलोखा ठेव. तिकडे सातबारा नाही, खसरा आणि बी-1 बघायचा. त्याच्याकडचं निस्तार पत्रक मागून घे. गावाचा तलाव, गुरांची वाट, स्मशान कुणाच्या वापराचं, हे त्यात लिहिलेलं असतं. शहर वाढताना आधी बळी जातो तो तलावाचा. पाणी ज्या वाटेने तलावात येतं ती वाट बुजवून प्लॉट पाडले, तर काठावर कितीही बाकं मांडा, तलाव कोरडाच.

हद्दी पाठ कर. दुर्ग, भिलाई, रिसाली आणि भिलाई-चरोदा अशा चार महापालिका एकमेकींना खेटून आहेत, वर टाउनशिपचा कारभार कारखान्याकडे. नाला एकीत उगम पावतो, तुंबतो दुसरीत. पत्र धाडण्याआधी शेजारच्या इंजिनिअरला फोन कर आणि दोघं जागेवर भेटा. निम्मी कामं तिथेच उरकतात.

विकास योजनेचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. नुसती नोटीस लावून मोकळी होऊ नकोस. नकाशा वॉर्डात ने. पिवळा रंग म्हणजे राहण्याची जागा, हे लोकांना कोण सांगणार? प्रत्येकाला त्याचा खसरा नंबर बोटाने दाखव. खरी चूक अशा वेळी एखादी म्हातारीच काढून देते.

मुंबई-पुण्याला गेलेल्या मैत्रिणींचा हेवा करू नकोस. तिथे वर्षानुवर्षं एकाच कामात अडकशील. लहान शहरात गटारापासून बसथांब्यापर्यंत सगळं अंगावर पडतं, म्हणून सगळं शिकूनही होतं. इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्सचं सदस्यत्व तेवढं लवकर घे.

आणि शेवटचं. कुणी तोंडी सांगेल, 'हा हिरवा पट्टा पिवळा करून टाक.' वाद घालू नकोस, हो म्हणू नकोस. 'लेखी द्या, टीप मांडते' एवढंच म्हण, आणि टिपेत तुझं मत कारणांसह लिही. तुझी बदली होईल, साहेबही बदलतील. फाइल उघडणाऱ्याला मात्र कारण सापडलं पाहिजे.