उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची निवड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिन्यात अध्यक्षाची निवडणूक होते, तेव्हा मतदार दोन व्यक्तींना मिळून एकच मत देतो. अध्यक्षपदासाठी एका पक्षाचा आणि उपाध्यक्षपदासाठी दुसऱ्या पक्षाचा उमेदवार निवडण्याची सोय त्याला नसते. दोन नावांची ही जोडी सबंध स्वीकारावी लागते किंवा सबंध नाकारावी लागते. त्यांपैकी पहिल्या नावासाठी पक्षांतर्गत कित्येक महिने झुंज चाललेली असते. दुसरे नाव मात्र आजच्या प्रथेप्रमाणे अध्यक्षपदाचा उमेदवार आपल्या मोजक्या सल्लागारांशी बोलून ठरवतो आणि पक्षाचे अधिवेशन त्यावर शिक्कामोर्तब करते.

या दुसऱ्या नावाला घटनेने नेमून दिलेले काम फार थोडे आहे. उपाध्यक्ष हा सीनेटचा पदसिद्ध सभापती असतो आणि तेथे समसमान मते पडली तरच त्याला मत देता येते. परंतु अध्यक्षाचे निधन झाल्यास, त्याने राजीनामा दिल्यास किंवा तो पदच्युत झाल्यास उर्वरित मुदतीसाठी उपाध्यक्षच अध्यक्ष होतो. भारतीय वाचकाने येथील फरक ध्यानात घेतला पाहिजे. भारतात राष्ट्रपतिपद असे रिकामे झाले तर उपराष्ट्रपती नवी निवडणूक होईपर्यंतच कारभार पाहतात, आणि ती निवडणूक सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. ३ मे १९६९ रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाल्यावर व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पण खरोखरीचे राष्ट्रपती होण्यासाठी त्यांना निवडणूक लढवावी लागली. अमेरिकेत अशी मधली निवडणूक नाही. आजवर ९ उपाध्यक्ष या मार्गाने अध्यक्ष झाले. ८ जण अध्यक्षाच्या निधनामुळे आणि एक राजीनाम्यामुळे. निवड होते ती निवडणूक जिंकण्याच्या हिशेबाने. तिची खरी किंमत कळते ती निवडणूक संपून गेल्यावर, आणि कित्येकदा एका रात्रीत.

घटनाकारांच्या मनात ही जोडी नव्हतीच. १७८७ च्या मूळ घटनेप्रमाणे प्रत्येक निर्वाचकाने दोन व्यक्तींना मते द्यावयाची होती. सर्वाधिक मते व बहुमत मिळविणारा अध्यक्ष व्हावा आणि त्याच्या खालोखालचा उपाध्यक्ष, अशी योजना होती. राजकीय पक्ष उदयास येताच ती कोसळली. १७९६ साली ७१ मते मिळवून जॉन ॲडम्स अध्यक्ष झाले आणि ६८ मते मिळवून त्यांचे प्रतिस्पर्धी थॉमस जेफर्सन उपाध्यक्ष. १८०० साली तर जेफर्सन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली. हा पेच सोडविण्यासाठी प्रतिनिधिगृहाला मतदानाच्या ३६ फेऱ्या घ्याव्या लागल्या. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी वेगवेगळे मतदान ठरविले. पेच सुटला, पण उपाध्यक्षपदाचे तेजही त्याबरोबर गेले. ते पद पक्षांतर्गत वाटाघाटींत देण्याघेण्याचे एक नाणे होऊन बसले.

या देवघेवीला 'तिकिटाचा समतोल' असे नाव पडले. अध्यक्षपदाचा उमेदवार उत्तरेचा असेल तर जोडीदार दक्षिणेचा घ्यावा, तो वयोवृद्ध असेल तर जोडीदार तरुण असावा, उमेदवारीच्या झुंजीत हरलेल्या गटाची समजूत त्याच गटातील माणूस घेऊन काढावी, असा हा हिशेब. मंत्रिमंडळाच्या रचनेत प्रदेश, जात आणि गट यांचा मेळ कसा घालतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो अपरिचित वाटणार नाही. परंतु त्यात एक अंतर्विरोध दडलेला आहे. जोडीदार मुख्य उमेदवाराहून जितका भिन्न, तितका तो मते मिळविण्यास उपयोगी. आणि जितका भिन्न, तितका अध्यक्षाच्या मृत्यूनंतर मतदारांचा कौलच उलटा फिरण्याचा धोका अधिक.

हा धोका प्रथम १८४१ साली प्रत्यक्षात उतरला. व्हिग पक्षाने विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या जोडीला व्हर्जिनियाचे जॉन टायलर यांना घेतले होते. टायलर हे मूळचे डेमोक्रॅट. घटकराज्यांच्या अधिकारांचे कट्टर पुरस्कर्ते. शपथविधीनंतर बरोबर एका महिन्याने, ४ एप्रिल १८४१ रोजी, हॅरिसन यांचे निधन झाले. टायलर हंगामी अध्यक्ष की पूर्ण अध्यक्ष, याविषयी घटनेचे शब्द संदिग्ध होते. टायलर यांनी आपण पूर्ण अध्यक्ष असल्याचा आग्रह धरला व तोच पायंडा पडला. पुढे व्हिग पक्षाचे जे मुख्य उद्दिष्ट, राष्ट्रीय बँकेची स्थापना, त्याची विधेयके त्यांनी दोनदा नकाराधिकार वापरून परतवली. डॅनिएल वेब्स्टर वगळता सर्व मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि व्हिग पक्षाने आपल्याच अध्यक्षाला पक्षातून काढून टाकले.

याहून दूरगामी परिणाम झाला तो १८६४ च्या निवडीचा. यादवी युद्ध चालू असताना अब्राहम लिंकन दुसऱ्यांदा उभे राहिले. त्यांचे पहिले उपाध्यक्ष हॅनिबल हॅमलिन हे मेन राज्याचे, म्हणजे उत्तरेचेच. युद्धाच्या बाजूने असलेल्या डेमोक्रॅटांची मते हवी होती. म्हणून हॅमलिन यांना वगळून टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन यांना घेण्यात आले. दक्षिणेतील त्यांचे राज्य फुटून निघाले तरी जॉन्सन यांनी सीनेटमधील आपली जागा सोडली नव्हती. प्रचाराच्या दृष्टीने याहून सोयीचा माणूस मिळणे कठीण होते. दुसऱ्या शपथविधीला सहा आठवडे झाले असतील तोच लिंकन यांची हत्या झाली. गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्वाचे हक्क देण्याचा प्रश्न आता अशा अध्यक्षाच्या हाती आला, ज्याला संघराज्य टिकावे असे वाटत होते, पण ती समता मान्य नव्हती. १८६६ चा नागरी हक्क कायदा जॉन्सन यांच्या नकाराधिकाराला डावलून काँग्रेसला मंजूर करावा लागला. १८६८ साली त्यांच्यावर महाभियोग चालला आणि सीनेटमध्ये केवळ एका मताने ते बचावले. लिंकन जगते तर काय झाले असते हा तर्काचा विषय आहे. पण बाल्टिमोरच्या अधिवेशनात जोडीदार ठरविताना या प्रश्नाचा विचार निर्णायक ठरला नव्हता, हे उघड आहे.

उपाध्यक्षपदाच्या इतिहासात १९४४ हे वर्ष वेगळे अशासाठी की, आपण बहुधा पुढचा अध्यक्षच निवडीत आहोत याची जाणीव त्या वेळी निवडणाऱ्यांना होती. फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहणार होते. मार्चच्या अखेरीस डॉ. हॉवर्ड ब्रून या हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासले, तेव्हा रक्तदाब फार वाढलेला व हृदय निकामी होऊ लागलेले आढळले. हे निदान जनतेपासून दडविण्यात आले. पण अध्यक्षांचा ओढलेला चेहरा व थरथरते हात पक्षधुरिणांच्या नजरेतून सुटले नव्हते. उपाध्यक्ष हेन्री वॉलेस हे आयोवाचे कृषितज्ज्ञ, कामगार संघटनांचे आवडते, समतेविषयी उघडपणे बोलणारे. १९४० साली रूझवेल्ट यांनी स्वतःची उमेदवारी नाकारण्याचा धाक घालून त्यांना पक्षावर लादले होते. दक्षिणेकडील नेते आणि मोठ्या शहरांतील पक्षसूत्रधार यांना ते अध्यक्ष व्हावयास नको होते.

११ जुलै रोजी व्हाइट हाऊसमध्ये एकेक नाव चाळण्यात आले. जेम्स बर्न्स सर्वांत अनुभवी; पण ते दक्षिण कॅरोलिनाचे आणि वर्णभेदाचे समर्थक, म्हणून कृष्णवर्णीय मतदार दुरावणार; कामगारांचा त्यांना विरोध; शिवाय कॅथलिक पंथ सोडलेला असल्याने कॅथलिकही नाराज. अशा वजाबाकीतून मिसूरीचे सीनेटर हॅरी ट्रूमन उरले. संरक्षणखर्चातील गैरप्रकार शोधणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी नाव मिळविले होते, आणि त्यांना शत्रू कमी होते. रूझवेल्ट यांनी मात्र वॉलेस यांच्यासाठी शिफारसपत्र दिले, बर्न्स यांनाही उत्तेजन दिले आणि पक्षाध्यक्ष रॉबर्ट हॅनेगन यांच्या हाती ट्रूमन व न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांची नावे असलेली चिठ्ठी ठेवली. स्वतः ट्रूमन शिकागोच्या अधिवेशनास आले होते ते बर्न्स यांचे नाव सुचविण्यासाठी. हॉटेलातील एका खोलीत हॅनेगन यांनी सॅन दिएगोहून आलेला रूझवेल्ट यांचा दूरध्वनी त्यांना ऐकू जाईल असा धरला. भर युद्धात पक्ष फोडावयाचा असेल तर जबाबदारी ट्रूमन यांची, असा त्याचा आशय होता. ट्रूमन यांचा विरोध तेथे संपला.

तरीही २० जुलैच्या रात्री सभागृह हातचे जाण्याची वेळ आली. प्रेक्षकांच्या सज्जांतून वॉलेस यांच्या नावाचा घोष सुरू झाला, ऑर्गनवर आयोवाचे गीत वाजू लागले आणि फ्लोरिडाचे सीनेटर क्लॉड पेपर वॉलेस यांचे नाव मांडण्यासाठी व्यासपीठाकडे वाट काढू लागले. ते पोचण्यापूर्वीच सभापतींनी आवाजी मतदान घेऊन बैठक तहकूब केली. तहकुबीविरुद्धचा आवाज मोठा असूनही. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत वॉलेस यांना ४२९॥ आणि ट्रूमन यांना ३१९॥ मते पडली. बहुमताला ५८९ हवी होती. दरम्यानच्या वाटाघाटींनंतर दुसऱ्या फेरीत ट्रूमन यांच्या पारड्यात १०३१ मते गेली.

त्यानंतर जे घडले ते निवडीच्या पद्धतीहूनही अधिक अनाकलनीय आहे. ज्याला उत्तराधिकारी म्हणून निवडले त्याला काहीच सांगण्यात आले नाही. ट्रूमन ८२ दिवस उपाध्यक्ष होते. त्या अवधीत रूझवेल्ट यांच्याशी त्यांची एकांतात दोनदाच भेट झाली. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट वारले, तेव्हा अणुबाँबच्या प्रकल्पाविषयी ट्रूमन यांना वस्तुतः काहीही माहिती नव्हती. शपथविधीनंतर युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी त्याचा ओझरता उल्लेख केला आणि २५ एप्रिल रोजी सविस्तर माहिती दिली. हिरोशिमावर बाँब पडला तो त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत.

१९६० ची निवड मात्र टायलर यांच्या उदाहरणाच्या नेमकी विरुद्ध ठरली. जॉन केनेडी यांनी लिंडन जॉन्सन यांना घेतले ते प्रामुख्याने टेक्ससच्या २४ निर्वाचक मतांसाठी, आणि उदारमतवादी त्यामुळे रुष्ट झाले. त्याच जॉन्सन यांनी केनेडींच्या हत्येनंतर १९६४ चा नागरी हक्क कायदा मंजूर करून घेतला.

घाईचा दाखला म्हणून १९७२ कडे बोट दाखवावे लागते. मायामी बीच येथे जॉर्ज मॅकगव्हर्न यांना डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली, पण एडवर्ड केनेडी अखेर होकार देतील या आशेवर ते विसंबून राहिले होते. केनेडींनी व इतर अनेकांनी नकार दिल्यावर, १३ जुलैला दुपारी मुदत संपता संपता, मिसूरीचे सीनेटर टॉमस ईगलटन यांना दूरध्वनी गेला. काही अडचणीची गोष्ट आहे का, असे विचारण्यात आले. उत्तर नकारार्थी आले. मानसिक औदासीन्यासाठी ईगलटन तीनदा रुग्णालयात राहिले होते आणि त्यांना विजेचे झटके देण्यात आले होते, हे २५ जुलैला जाहीर झाले. मॅकगव्हर्न यांनी आधी निःसंदिग्ध पाठिंबा दिला आणि ३१ जुलैला त्यांना माघार घ्यावयास लावली. त्यांच्या जागी सार्जंट श्रायव्हर आले. नोव्हेंबरात मॅकगव्हर्न यांना अवघी १७ निर्वाचक मते मिळाली. ईगलटन पुढे १९८७ पर्यंत सीनेटमध्ये होते; तेव्हा आजार हे अपात्रतेचे कारण होते असे म्हणणे अवघड आहे. उमेदवाराच्या पारखीवर लोकांचा विश्वास उडाला तो घाईमुळे आणि धरसोडीमुळे. रिचर्ड निक्सन यांचे उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनाही पुढच्याच वर्षी, मेरीलँडमधील लाचखोरीच्या चौकशीतून, राजीनामा द्यावा लागला. पंचविसाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे त्यांच्या जागी नेमलेले जेराल्ड फोर्ड १९७४ साली निक्सन यांच्या राजीनाम्यानंतर अध्यक्ष झाले, आणि काही काळ अध्यक्ष व उपाध्यक्ष दोघेही त्या पदांवर न निवडलेले, असा प्रसंग देशावर आला.

या अनुभवानंतर १९७६ साली जिमी कार्टर यांनी नवी रीत घातली. त्यांच्याजवळ महिन्याहून अधिक अवधी होता. प्रकृती, मिळकत, कर यांविषयीची प्रश्नावली संभाव्य व्यक्तींकडे धाडण्यात आली, आणि काहींना जॉर्जियातील प्लेन्स या गावी घरी बोलावून कार्टर यांनी तासन्‌तास चर्चा केली. निवडलेले वॉल्टर माँडेल यांना व्हाइट हाऊसच्या पश्चिम भागात कार्यालय, गोपनीय कागदपत्रे पाहण्याची मुभा आणि अध्यक्षांबरोबर दर आठवड्याला भोजनाची वेळ मिळाली. ट्रूमन यांना अंधारात ठेवणारी परंपरा येथे खंडित झाली. छाननीची ही रीत बहुतेकांनी पुढे चालविली. तिच्यातून काय निष्पन्न होईल याची हमी मात्र नसते. २००० साली जॉर्ज बुश यांच्यासाठी जोडीदार शोधणारे डिक चेनी स्वतःच जोडीदार ठरले. निर्वाचकाला आपल्याच राज्यातील दोघांना मते देता येत नाहीत, आणि बुश व चेनी दोघेही टेक्ससवासी. म्हणून चेनी यांनी आपली मतदारनोंदणी वायोमिंगमध्ये हलविली. टेक्ससची मते होती ३२ आणि जोडीला एकूण मते पडली २७१, बहुमताहून केवळ एक अधिक. ही नोंदणी नसती तर चेनी यांचे पद संकटात आले असते.

२०२० साली जो बायडन यांनी निवडलेल्या कमला हॅरिस, ज्यांच्या आई श्यामला गोपालन तमिळनाडूतून अमेरिकेत गेल्या होत्या, पहिल्या स्त्री उपाध्यक्ष झाल्या. २१ जुलै २०२४ रोजी बायडन यांनी स्पर्धेतून माघार घेतली, तेव्हा चार वर्षांपूर्वी दुय्यम म्हणून निवडलेले नाव पक्षाच्या पहिल्या स्थानी आले आणि हॅरिस यांच्यापुढे स्वतःचा जोडीदार निवडण्याचे काम उभे राहिले. जे काम कार्टर यांनी महिनाभर केले ते त्यांनी सोळा दिवसांत उरकले. ६ ऑगस्टला मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचे नाव जाहीर झाले. नोव्हेंबरात ही जोडी हरली. डोनल्ड ट्रम्प यांनी निवडलेले जे. डी. व्हान्स हे दीडच वर्षापूर्वी सीनेटमध्ये आले होते. २० जानेवारी २०२५ रोजी शपथविधी झाला, तेव्हा अध्यक्षांचे वय ७८ वर्षांचे होते आणि उपाध्यक्षांचे ४०.