सामूच्या मागे धावताना

कर्जतजवळ बंगला बांधताना मुंबईच्या एका गृहस्थांनी आठ मीटर बाय चार मीटरचा तरणतलावही बांधून घेतला. पाणी साधारण ४८ हजार लिटर. पहिल्या पावसाळ्यात त्या पाण्याने त्यांना असं काही नाचवलं की आजही आठवलं तर ते कपाळावर हात मारतात.

"सकाळी सामू (पीएच) ६.८ दिसला, म्हणून धुण्याचा सोडा टाकला. संध्याकाळी ८.२! मग ॲसिड ओतलं, तर दुसऱ्या दिवशी ६.७."

दोन आठवडे हेच. नातवंडांचे डोळे चुरचुरले, टाइल्समधलं ग्राउट भुसभुशीत झालं.

सामू ते रोज मोजत. अल्कलिनिटी मात्र एकदाही तपासली नव्हती. अल्कलिनिटी म्हणजे मुख्यतः पाण्यातला बायकार्बोनेटचा साठा. बाहेरून पडलेलं आम्ल वा अल्क हा साठा पचवतो आणि सामू फारसा हलू देत नाही. तो लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम हवा. त्यांच्याकडे ४० होता. सह्याद्रीच्या पायथ्याशी धो धो कोसळणाऱ्या पावसात बायकार्बोनेट जवळपास नसतंच, आणि तलाव भरून वाहिला की असलेलंही निघून जातं. शिवाय क्लोरीनसाठी ते टाकत त्या टीसीसीएच्या गोळ्या आम्लधर्मी. म्हणजे गळती दोन्हीकडून!

उपाय किराणा दुकानातला निघाला. सव्वातीन किलो खायचा सोडा दोन दिवसांत, पंप चालू ठेवून टाकला, तेव्हा अल्कलिनिटी ८० च्या आसपास आली. सामूसाठी नुसतं कारंजं सोडलं. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून गेला आणि सामू आपसूक ७.४ वर आला. ७.२ ते ७.८ मध्ये तो राहिला की पुरे. ७.५ ला जवळपास निम्मं क्लोरीन जंतू मारणाऱ्या रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव. क्लोरीन ओतूनही पाणी हिरवं पडतं, त्यामागे बरेचदा हेच असतं.

उन्हाळ्यात बोअरचं पाणी भरलं की गणित उलटतं: अल्कलिनिटी चढते, टाइल्सवर पांढरे थर बसतात. तेव्हा ॲसिड लागतं, पण थोडं थोडं, बादलीभर पाण्यात ओतून. ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

ॲसिडचा कॅन आणि टीसीसीएचा डबा पंपघरात पूर्वी शेजारी शेजारी असत. दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, हे कळल्यापासून कॅन बाहेरच्या जाळीच्या कपाटात, जमिनीलगत असतो.